चौथी सीट

मुंबईच्या लोकलमध्ये सेकंड क्लासच्या बाकावर जागा असते तिघांची. संध्याकाळच्या अंबरनाथ गाडीत त्याच बाकावर चौघे बसतात. हा चौथा माणूस रेल्वेने बसवलेला नाही, प्रवाशांनी बसवला आहे. उभा असलेला माणूस कडेच्या प्रवाशाच्या खांद्याला नुसते बोट लावतो आणि तिघेही दोन-दोन बोटे आत सरकतात. चौथ्याची अर्धी मांडी बाकावर, अर्धी हवेत. तरी दिवसभर उभे राहून काम केलेल्याला तेवढेही सिंहासनासारखे वाटते. पुढे ठाणे आले, की सुरुवातीपासून बसून आलेला एखादा आपणहून उठतो आणि म्हणतो, "बसा आता थोडा वेळ."

वाचकहो, मी पहिल्या नोकरीवर हजर झालो, तेव्हा टेबल दाखवण्याआधी मला पूर्ण नाव विचारले गेले. सांगितले. मग आडनाव तेवढे पुन्हा विचारले गेले. पुढचे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्याच संध्याकाळी गाडीत एका अनोळखी गृहस्थाने सरकून मला चौथी सीट दिली. त्याने एवढेच विचारले, "कुठे उतरणार?"

डब्यात सगळेच भले असतात असे नाही. टोळकी करून जागा अडवणारे आहेत, नवख्याला दारातून आत येऊ न देणारेही आहेत. आणि थकलेला असताना डोळे मिटून झोपेचे सोंग मीही केले आहे, तेही कबूल करतो. आमच्या घरच्या सांगतात, बायकांच्या डब्यात जागेवरून भांडणे जास्त; पण कडेवरचे मूल घेऊन कोणी चढली, की भांडणाऱ्या दोघींपैकीच एक ते मूल मांडीवर घेते.

२६ जुलै २००५ हा दिवस मात्र विसरता येत नाही. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमची गाडी शीव सोडून कुर्ल्याच्या अलीकडे उभी राहिली ती राहिलीच. अंधार पडल्यावर आम्ही रुळांवर उतरलो. पाणी कमरेपर्यंत, खाली खडी की खड्डा ते कळत नव्हते. रुळालगतच्या वस्तीतल्या पोरांनी दोर धरला होता. तो पकडून एकेक जण पुढे सरकत होता. म्हाताऱ्यांना त्या पोरांनी पाठीवर घेतले.

वस्तीतल्या एका मावशींनी आम्हा पाच-सहा जणांना घरात बोलावले. त्यांच्याच घरात गुडघाभर पाणी. स्टोव्ह खाटेवर ठेवून त्या कोरा चहा करीत होत्या, कारण दूध कुठून येणार? भांडी, गोधड्या, पोरांची दप्तरे, सगळे फळीवर चढवलेले. माझे दात वाजत होते. त्यांनी आपल्या मालकांचा कोरडा सदरा माझ्या अंगावर टाकला. एकाने पन्नासची नोट पुढे केली तर म्हणाल्या, "ठेव बाळा, पुढं लागंल." घरात कोणाची तसबीर होती की नव्हती, अंधारात मला दिसले नाही. त्यांनीही आम्हाला काही विचारले नाही. घरी पोचायला मला तिसरा दिवस उजाडला. पुढे महिन्याभराने सदरा धुऊन, इस्त्री करून परत द्यायला गेलो. पण दिवसाउजेडी ती गल्ली मला ओळखता आली नाही. तो सदरा अजून आमच्या कपाटात आहे.

परवा गाडीत एक तरुण उभा होता. हातात प्लास्टिकची फाईल, पायांत नवे बूट, चेहरा उतरलेला. मुलाखतीहून परत चालला असावा. मी कडेला होतो. त्याने मागितले नव्हते, तरी मी सरकलो, बाकीचे दोघेही सरकले.

"राहू द्या काका," तो म्हणाला.

"बस रे. कुठे उतरणार?"

"बदलापूर. पुढची गाडी पकडायची."

मग तो बसला, आणि फाईल मांडीवर घेऊन डोंबिवली येईपर्यंत झोपला.