लाल फुलीखाली दडलेली रीत

४०३ मधून १२८ वजा केले की २७५ उरतात. एका मुलाच्या वहीत उत्तर आहे ३२५, दुसऱ्याच्या ३७५. दोघांनाही लाल फुली, दोघांनाही शून्य. पण मांडणी नीट पाहिली तर दोघे वेगवेगळ्या जागी अडलेले दिसतात. पहिल्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढला: आठातून तीन, दोनातून शून्य, चारातून एक. त्याच्या लेखी संख्या म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले सुटे अंक. दुसऱ्याने एककाचे तेरा केले, दशकातल्या शून्याचे नऊही केले. फक्त शतकातून एक कमी करायचे राहिले. याला शंभराची एक नोट मोडून दाखवली तरी बहुधा पुरेल. पहिल्याला मात्र जुड्या आणि सुटे हाती देऊन दशक म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागेल. शून्य गुण हा फरक पुसून टाकतात.

चूक म्हणजे दुर्लक्ष, हा आपला पक्का समज आहे. अमेरिकेत ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी १९७८ साली वजाबाकीतल्या चुका तपासून दाखवले, की पुष्कळ मुले एखादी चुकीची रीत मोठ्या इमानाने पाळत असतात. बरोबर उत्तरही फसवू शकते. पहिल्या मुलाला ६८ मधून २५ वजा करायला द्या. त्याच रीतीने तो अचूक ४३ लिहील. स्टॅन्ली अर्लवँगर यांनी १९७३ साली बेनी नावाने सहावीतल्या एका मुलाची हकिकत मांडली. शिक्षिकेच्या मते त्याची प्रगती उत्तम होती, पण दोन दशांश हा अपूर्णांक तो १.२ असा लिहायचा: अंश-छेदाची बेरीज करून मध्ये टिंब!

पट मोठा असतो, प्रत्येक वही अशी वाचायची कधी, हा शिक्षकांचा प्रश्न रास्तच आहे. पण सगळ्या वह्या वाचाव्या लागत नाहीत. तासाच्या शेवटी विचारपूर्वक निवडलेले एकच गणित द्यावे आणि उत्तरांप्रमाणे वह्यांचे गठ्ठे करावेत. दुसऱ्या दिवशी कोणाला काय शिकवायचे ते त्यातून ठरते. निव्वळ हलगर्जीपणाची चूक तशाच पुढच्या गणितात सहसा टिकत नाही, रीतीची टिकते. खरी अडचण फळ्यावरून उतरवलेल्या नीटनेटक्या वहीची आहे, कारण तिच्यात मुलाचा विचारच नसतो. महाराष्ट्रात २०१० पासून आकारिक, म्हणजे शिकता शिकता होणारे, मूल्यमापन आहे. त्याच्या नोंदींत ‘वजाबाकीत कच्चा’ याऐवजी ‘शून्य असलेल्या घरातून उसने घेताना अडतो’ असे लिहिले, तर पुढच्या वर्गशिक्षकाला त्याचा उपयोग होईल. आणि गणिताच्या तासाला खोडरबर दप्तरातच राहू द्यावा: चुकलेल्या पायरीवर एक आडवी रेघ, खाली नवी मांडणी.