धर्मांतराचा वाद आणि जमिनीचा कायदा

झारखंडमधील मिशनऱ्यांचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या दोन वाटांनी जाते. एकीकडे शाळा आणि दवाखान्यांची कृतज्ञ यादी, तर दुसरीकडे धर्मांतराचा आरोप. या दोन्ही वाटांवर जमीन कोठेच लागत नाही, याचे मला आश्चर्य वाटते. बेल्जियमहून आलेल्या जेझुइट पाद्र्यांनी छोटानागपूरच्या पठारावर जे काही केले, त्यातील सर्वांत टिकाऊ भाग चर्चमध्ये नसून महसुली कायद्यात आहे, असे माझे मत आहे. धर्मांतरित आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळावे, ही मागणी आज जोरात असताना तर हा इतिहास वाचायलाच हवा.

बंगालमधील धर्मप्रसाराची जबाबदारी बेल्जियन जेझुइटांकडे १८५९ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी कोलकात्यात सेंट झेवियर्स कॉलेज काढले. पठारावर त्यांच्याआधी, १८४५ पासून, जर्मन लुथरनांचे गॉसनर मिशन होते. जेझुइटांचा तेथे खरा जम बसला तो कॉन्स्टंट लिव्हन्स १८८५ मध्ये रांची परिसरात आल्यावर. फ्लँडर्समधील शेतकरी कुटुंबातला हा तरुण पाद्री प्रवचनांपेक्षा कज्जेखटल्यांत अधिक रमला.

ते समजून घ्यायचे तर जमिनीची व्यवस्था पाहावी लागते. मुंडा आणि उरांव यांच्या पूर्वजांनी जंगल तोडून गावे वसवली होती. मुंडांमध्ये अशी जमीन मूळ वसवणाऱ्याच्या वंशाची, म्हणजे ‘खुंटा’ची सामाईक मालमत्ता, तिला खुंटकट्टी म्हणतात. पुढे राजाने हीच गावे बाहेरून आलेल्या जागीरदारांना आणि सावकारांना लावून दिली. त्यांनी खंड वाढवला, वेठबिगार लादली आणि मूळ मालकाला कूळ करून टाकले. दाद मागावी तर कचेरीची भाषा परकी आणि हातात कागद एकही नाही. लिव्हन्स यांचा सल्ला साधा होता. खंड भरला की पावती मागा, कायद्यात बसेल तेवढीच वेठ करा, अंगठा देण्याआधी कागद वाचून घ्या. खटल्यासाठी ते वकीलही मिळवून देत. काही वर्षांतच हजारो आदिवासी ख्रिस्ती झाले. क्षयाने खंगलेले लिव्हन्स १८९२ मध्ये मायदेशी परतले आणि ७ नोव्हेंबर १८९३ रोजी लूव्हाँ येथे वयाच्या ३७व्या वर्षी वारले.

ही धर्मांतरे श्रद्धेपोटी होती की कोर्टातल्या मदतीपोटी? हा आक्षेप जुना आहे आणि तो निराधार नाही. मदतीच्या आशेने माणसे आली, हे मान्य करण्यात कमीपणा वाटायचे कारण नाही. पण आपल्याच जमिनीचा न्याय मिळवण्यासाठी मुंडा शेतकऱ्याला पाद्र्याचा आधार का शोधावा लागला, हा प्रश्न तेव्हाच्या सरकारी कचेरीला आणि जमीनदाराला विचारायचा आहे.

सर्व आदिवासींना हा आधार मान्यही नव्हता. चाईबासाच्या जर्मन मिशन शाळेत शिकलेल्या बिरसा मुंडांना गोरा पाद्री आणि गोरा अधिकारी यांत फारसा फरक दिसला नाही. १८९९ च्या नाताळात त्यांच्या अनुयायांनी ज्या ठिकाणांवर बाण सोडले, त्यांत सरवदा येथील जेझुइट मिशनही होते. तेथे जॉन बॅप्टिस्ट हॉफमन हे जर्मन जेझुइट काम करीत. ९ जून १९०० रोजी बिरसा रांचीच्या तुरुंगात मरण पावले. पण उलगुलानने हादरलेल्या सरकारला जमिनीची मोजणी आणि हक्कनोंदणी हाती घ्यावीच लागली. मुंडांची जमीनपद्धत सरकारला समजावून सांगणारे टिपण लिहिण्यात हॉफमन यांचा मोठा वाटा होता. १९०८ च्या छोटानागपूर कूळ कायद्यात खुंटकट्टीला स्वतंत्र स्थान मिळाले. या कायद्याचे श्रेय मी प्रथम बंडाला देईन आणि त्यानंतर, बंडखोरांच्या बाणांच्या टप्प्यात राहूनही त्यांचीच बाजू कागदावर मांडणाऱ्या या पाद्र्याला.

हॉफमन यांनी १९०९ मध्ये सहकारी पतसंस्थाही उभी केली, कारण सावकार शिल्लक असेपर्यंत कायद्याने वाचवलेली जमीन कर्जात जाणारच. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना भारतातून काढून देण्यात आले. जर्मनीत बसून ते १९२८ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुंडारी ज्ञानकोशावर काम करीत राहिले. भाषेचा हा ध्यास या संघाचा जुनाच. गोव्यात १५७९ मध्ये आलेल्या थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठी वाचकांना ठाऊक आहे. रांचीत तो वारसा कामिल बुल्के यांनी चालवला. बेल्जियममध्ये जन्मलेल्या या जेझुइटाने रामकथेच्या उगमावर हिंदीत प्रबंध लिहिला, इंग्रजी-हिंदी कोश रचला आणि त्यांना १९७४ मध्ये पद्मभूषण मिळाले.

कायद्याची लढाई मात्र संपलेली नाही. २०१६ मध्ये झारखंड सरकारने छोटानागपूर आणि संथाल परगणा येथील कूळ कायद्यांत शेतजमिनीचा बिगरशेती वापर सुलभ करणारे बदल आणले. मोठा विरोध झाला आणि तत्कालीन राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनी २०१७ मध्ये विधेयके परत पाठवली. रांचीजवळच्या नामकुममधील ‘बगईचा’ या केंद्रातून आदिवासींच्या जमिनीवर आणि कच्च्या कैद्यांवर काम करणारे स्टॅन स्वामी हेही जेझुइटच. एल्गार परिषद प्रकरणात त्यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली. तळोजा तुरुंगात असलेल्या ८४ वर्षांच्या या पार्किन्सनग्रस्त कैद्याचा ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात मृत्यू झाला, तेव्हा त्यांचा जामीन अर्ज उच्च न्यायालयापुढेच होता.

आता यादीतून वगळण्याच्या मागणीविषयी. काँग्रेसचे खासदार कार्तिक उरांव यांनी ती अर्धशतकापूर्वीच संसदेत लावून धरली होती. मिशनच्या शाळांमुळे पुढे गेलेले ख्रिस्ती आदिवासी राखीव जागांचा मोठा वाटा घेतात, या त्यांच्या तक्रारीत तथ्य होते, असे मला वाटते. त्यावर उपाय सरना मानणाऱ्या गावांत तितक्याच चांगल्या शाळा काढणे हा आहे. यादीला हात लावला तर नोकऱ्यांबरोबर जमिनीचाही प्रश्न येतो. कूळ कायद्याच्या कलम ४६ नुसार अनुसूचित जमातीच्या रयताची जमीन उपायुक्तांच्या परवानगीने, त्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीतील दुसऱ्या अनुसूचित जमातीच्या व्यक्तीलाच विकता येते. यादीतून नाव गेले की हे कवच त्या कुटुंबापुरते गळून पडेल. पठारावरच्या अनेक गावांत एका खुंटाचे काही भाऊबंद सरना मानतात, काही चर्चला जातात आणि त्यांची शेते बांधाला बांध लागून असतात. बांधापलीकडचे शेत उद्या बाहेरच्या खरेदीदाराला खुले झाले, तर अलीकडचा भाऊ ते कसे अडवणार, हे मागणी करणाऱ्यांनी सांगायला हवे.