युद्धावरून परतलेला ट्रक शेतात चुना कसा पेरतो?

एका एकरावर दोन टन चुनखडीची भुकटी पसरायची आहे. ऐकायला आकडा केवढा मोठा वाटतो, नाही? सिमेंटच्या चाळीस गोण्यांएवढं वजन! पण जरा भागाकार करून बघा. गुंठ्याला 50 किलो, म्हणजे चौरस मीटरला जेमतेम अर्धा किलो. हा अर्धा किलो तेवढ्या जागेत सारखा पसरला, तर थराची जाडी भरते मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. आणि इतका पातळ थर द्यायचा कोणी? कित्येक टन वजनाच्या ट्रकने. ओल्या रानात, चढउतारावर हेलकावे खात.

दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये नेमक्या याच कामाला लष्कराचे जुने ट्रक जुंपले गेले. त्यांतला एक बेडफर्ड क्यूएल. 1941 पासून बनू लागलेला, तीन टन माल वाहणारा, चारही चाकांना जोर देणारा गडी. युद्धाच्या काळात असे सुमारे 52,000 ट्रक बनले. युद्ध संपलं आणि लष्कराला ते जड झाले, तेव्हा ते विक्रीला निघाले. तिकडे शेतकऱ्यांना चुना हवाच होता, कारण 1937 च्या शेती कायद्यानुसार चुन्याचा निम्मा खर्च सरकार उचलत होतं. हे अनुदान या ना त्या रूपात 1976 पर्यंत चाललं. स्वस्त ट्रक आणि सरकारी मदत एकत्र आल्यावर गावोगावचे ठेकेदार मागे राहतील होय?

पण सरकारने दगडाच्या भुकटीवर पैसा का ओतावा? त्यासाठी मातीत डोकावावं लागेल. मातीचा सामू, म्हणजे पीएच, 6 वरून 5 वर आला, की आम्लता थोडी वाढली असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती दहापट झालेली असते. सामू साधारण 5.5 च्या खाली गेला, की चिकणमातीत एरवी निमूट बांधलेलं अ‍ॅल्युमिनियम विरघळून मोकळं होतं आणि मुळांची कोवळी टोकं खुंटवून टाकतं. खत आहे, पाणी आहे, पण मूळ खालपर्यंत पोचतच नाही. चुनखडी इथे दोन कामं करते. तिच्यातला कार्बोनेट आम्लाला निकामी करतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत निघून जातो. तिच्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांवरची आम्लाची जागा बळकावतं.

आणि ही चुनखडी आली कुठून? इंग्लंडच्या लँकशायरमधलं क्लिथरो गाव घ्या. तिथली चुनखडी सुमारे 34 कोटी वर्षांपूर्वीच्या उबदार, उथळ समुद्रात साचली. समुद्रतळाला देठाने चिकटून राहणारे, फुलासारखे दिसणारे सागरी जीव तिथे अक्षरशः दाटीवाटीने राहत होते. त्यांच्या देठांच्या चकत्या आजही क्लिथरोच्या सॉल्टहिल खाणीत खडकात उघड्या दिसतात. शेतकरी रानात पसरतो तो अशा जिवांचा चुरा!

एक अडचण मात्र आहे. चुनखडी पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. दोन-अडीच मिलिमीटरचा खडा मातीत वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. कण पाव मिलिमीटरहून बारीक असेल, तरच तो वर्षभरात आपलं काम उरकतो. पूर्वी दगड इतका बारीक दळणारी यंत्रं नव्हती. मग लोक काय करायचे? दगड भट्टीत भाजायचे. भाजलेल्या कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो फुलतो, तडकतो आणि आपला आपण पीठ होतो. दळण्याचं काम रसायनशास्त्राकडून करून घ्यायची ही युक्ती मला तर यंत्रापेक्षाही भारी वाटते. पुढे दळणारी यंत्रं आली आणि कच्चाच दगड पीठ करून वापरता येऊ लागला.

आता खरी गोम. चुन्याचा कण मातीत आडवा फिरत नाही. त्याचा प्रभाव त्याच्याभोवती काही मिलिमीटरच असतो, आणि खाली उतरायचं म्हटलं तरी त्याला वर्षं लागतात. शेताच्या एका पट्ट्यात चुना कमी पडला, तर शेजारचा पट्टा त्याला उसना देत नाही. तिथलं पीक खुजंच राहतं. जास्त पडला, तर मँगनीज, बोरॉन अशी सूक्ष्म अन्नद्रव्यं पिकाला मिळेनाशी होतात. म्हणजे हा ट्रक आता माल वाहणारं वाहन उरला नाही. त्याला मोजमाप करणारं उपकरण व्हायचंय.

कसं करायचं ते? आधी मागचा हौदा उतरवायचा. उरते ती चेसिस, म्हणजे दोन लांब पोलादी पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. खडबडीत जमिनीवर ही चेसिस पीळ खाते, आणि तिने तो खावा अशीच तिची रचना असते, कारण त्यामुळेच चारही चाकं जमिनीला टेकून राहतात. तिच्यावर चुन्याची ताठ लोखंडी पेटी घट्ट वेल्ड करून टाकली, तर काही दिवसांत पेटी तरी तडकेल नाहीतर चेसिस. म्हणून मध्ये एक वेगळी चौकट घालतात आणि ती बोल्टने, स्प्रिंगच्या आधाराने बसवतात. ट्रक खाली वळवळतो, पेटी वर शांत.

पेटीच्या भिंती आत उतरत्या, जवळजवळ व्ही आकाराच्या. उतार कमी ठेवला तर ओलसर चुना दोन्ही भिंतींच्या मधे कमान बांधतो. हो, खरीखुरी कमान! खालचा माल निघून जातो आणि वरचं टनावारी वजन त्या कमानीवर अधांतरी बसून राहतं. तळाशी साखळीचा किंवा पट्ट्याचा सरकता तळ असतो. तो चुना मागे ओढत नेतो, मागच्या दारातली फट त्याची उंची ठरवते, आणि पलीकडे गरगरणाऱ्या दोन चकत्यांवर तो पडतो. सेकंदाला किती? समजा ट्रक ताशी 15 किलोमीटरने चाललाय आणि 12 मीटर रुंदीचा पट्टा व्यापतोय. मग दर सेकंदाला 50 चौरस मीटर जमीन खालून सरकते आणि 25 किलो भुकटी बाहेर पडायला हवी. आजच्या मोठ्या ट्रकमधले 10 टन सात मिनिटांच्या आत संपतात, पाच एकर उरकून.

पण शेतात ट्रक एकाच वेगाने चालतो थोडाच! चढ आला, वेग कमी झाला. मग चुना जास्त पडणार? रांगोळीची रेघ ओढणारा हात आठवा. हात झरझर चालला की चिमटीतून पूड जास्त सुटते, हात मंदावला की चिमूट आवळते, आणि रेघ एकसारखी उतरते. ट्रकला हे शिकवण्याची जुनी युक्ती फार सोपी आहे. साखळीला जोर इंजिनाकडून द्यायचा नाही, चाकांकडून घ्यायचा. चाकं हळू, साखळी हळू. चाकं थांबली, साखळी थांबली. वेग कितीही बदलो, मीटरमागे पडणारा चुना तेवढाच! आताच्या ट्रकमध्ये हाच हिशोब जीपीएस आणि संगणक करतात.

चकत्यांचं मात्र नेमकं उलटं. ट्रक मंदावला म्हणून त्या मंदावल्या, तर चुना जवळच पडेल आणि पट्टा अरुंद होईल. त्यांचा वेग कायम हवा. म्हणून त्यांना जोर इंजिनाकडून मिळतो. ट्रॅक्टरवाल्या वाचकांना पीटीओ, म्हणजे इंजिनाचा जोर बाहेरच्या अवजाराला देणारी जोडणी, ठाऊक असेलच. पुष्कळशा ट्रकच्या गिअरबॉक्सलाही बाजूला झाकण लावलेली एक खिडकी असते. झाकण काढून तिथे पीटीओ बसवायचा आणि त्यावर चकत्या फिरवणारा हायड्रॉलिक पंप चालवायचा. एकाच यंत्राचे दोन भाग, एक चाकांचं ऐकणारा आणि दुसरा फक्त इंजिनाचं.

60 सेंटिमीटर व्यासाची चकती मिनिटाला 600 फेरे घेते, तेव्हा तिची कड ताशी 68 किलोमीटरने धावत असते. तरीही पिठासारखा कण एकटा फेकला तर दोन मीटरही जात नाही, हवा त्याला अडवते. मातीला हवा बारीक कण आणि चकतीला हवा जाड! थोडा ओलावा इथे कामाला येतो, कारण ओलसर कण एकमेकांना धरून लांब जातात. त्यातही मधे दाट आणि कडेला विरळ पडतंच. मग दुसरी फेरी अशी मारतात की तिची विरळ कड पहिलीच्या विरळ कडेवर यावी. दोन विरळ मिळून एक पुरेसा थर. जमलं की नाही, हे बघायला शेतात आडव्या रांगेत ट्रे मांडून त्यावरून ट्रक चालवतात आणि प्रत्येक ट्रेमधला चुना तोलतात.

राहिले टायर. टायर जमिनीवर जो दाब देतो तो साधारण त्याच्यातल्या हवेच्या दाबाएवढाच असतो. म्हणून मागची जोडचाकं काढून एकेक रुंद, कमी हवेचा टायर बसवतात. नाहीतर चुन्याने जमीन सुधारायची आणि चाकांनी ती चेपून टाकायची.

हे तंत्र शेतापुरतंच राहिलं नाही. त्याच क्लिथरोच्या अ‍ॅटकिन्सन्स कंपनीने चुना पसरणारी यंत्रं बनवली, तशाच हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या गाड्याही. तत्त्व एकच.

आपल्याकडे कोकणात पाऊस कॅल्शियम धुऊन नेतो, त्यामुळे जांभ्याची माती आम्लधर्मी असते. तिथे चुना उपयोगी पडू शकतो. मराठवाडा-विदर्भाच्या काळ्या रानात मात्र बहुतेक ठिकाणी चुनखडीचे खडे मुळातच असतात. तिथे तो टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. तेव्हा ट्रक सोडा, घमेलं उचलण्याआधीसुद्धा माती परीक्षणाच्या अहवालातला सामूचा आकडा वाचा.