पिशवी तुम्हीच धरा

टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यांत, २०२० साली, मुलुंडच्या किराणा दुकानांपुढे चुन्याचे चौकोन आखलेले असत. काउंटरपुढे तेलाचे रिकामे डबे आणि त्यांवर आडवी फळी. पोऱ्या सामान फळीवर ठेवून मागे सरके आणि म्हणे, "मावशी, पिशवी तुम्हीच धरा. इथे टेकवू नका."

एरवी पिशवी भरायचा वाणीच. तळाला तांदूळ-डाळ, कडेला साबण, सगळ्यांत वर पाव आणि अंडी, हे त्याच्या हातात बसलेलं. आता ते काम गिऱ्हाइकावर आलं आणि घरोघरी चेपलेले पाव पोचू लागले. पैसे स्टीलच्या ताटलीत टाकायचे. नोटेवर फवारा मारूनच ती गल्ल्यात जाई.

कापडी पिशवीचीच एवढी धास्ती का? मार्च २०२०मध्ये अमेरिकी संशोधकांनी प्रयोगशाळेत पाहिलं, की करोनाचा विषाणू कापडासारख्याच सच्छिद्र पुठ्ठ्यावर २४ तास, तर प्लॅस्टिकवर ७२ तासांपर्यंत तग धरतो. म्हणजे भ्यायचंच तर प्लॅस्टिकला भ्यायला हवं होतं! पण घरची पिशवी कुठे कुठे फिरून आली असेल, ही शंका. प्लॅस्टिकची मात्र कोरी. मॅसॅच्युसेट्स राज्याने तर दुकानांत घरच्या पिशव्या आणायलाच तेव्हा बंदी केली होती. आपल्याकडे महाराष्ट्रात उलट २३ जून २०१८पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड. २६ जुलै २००५च्या पुरात याच पिशव्यांनी नाले तुंबवले होते. तरीही काउंटरखालून पातळ पिशवी निघे, आणि घेणाऱ्यालाही हायसं वाटे.

या सगळ्या सोवळ्यात मास्क मात्र हनुवटीवर. तुरडाळीचा भाव ओरडून सांगायचा तर तो खाली ओढावाच लागे, आणि ऐकणाराही आपला खाली ओढून घासाघीस करी. धोका होता तो तिथे. एप्रिल २०२१मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी. पिशवीवर उगाच आळ आला होता.

तरी पिशवी धुवायची सवय त्या काळात लागली असेल, तर ती सोडू नका. साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा, आणि मासळीची पिशवी भाजीला वापरू नका.