पॅराग्लायडिंग: टँडमच्या सीटपासून स्वतंत्र पायलटपर्यंत

टँडम उड्डाणात, म्हणजे प्रशिक्षित पायलटच्या पुढे बसून उडताना, आपल्याला फारसं काही ठरवावं लागत नाही. वारा योग्य आहे का, कुठून उडायचं, कुठे उतरायचं, हे सगळं मागच्या माणसाने ठरवलेलं असतं. स्वतंत्र पायलट हे निर्णय स्वतः घेतो, आणि त्यात ‘आज उडायचं नाही’ हा निर्णयही येतो. हात बऱ्यापैकी लवकर तयार होतात, पण निर्णयशक्तीला वेळ लागतो. पुढचे टप्पे वाचताना हा फरक लक्षात ठेवा.

महाराष्ट्रात शिकण्याचं मुख्य ठिकाण म्हणजे लोणावळा आणि पुण्याच्या मधलं कामशेत. पवना धरणाच्या परिसरातल्या बुटक्या, गवताळ टेकड्या नवशिक्यांना सोयीच्या आहेत. मोसम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात उड्डाणं बंद असतात. अभ्यासक्रमांना बोलताना पी-१, पी-२, पी-३ म्हणतात. एफएआय या आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या ‘पॅराप्रो’ पद्धतीत एकूण पाच टप्पे आहेत. आपण कोणत्या टप्प्यावर आहोत हे सांगणारं ‘इप्पी कार्ड’ परदेशातही दाखवता येतं.

पहिली ओळख साहित्याची. डोक्यावरचा कापडी पंख म्हणजे विंग. तिच्या दोऱ्या खाली येऊन रायझर नावाच्या जाड पट्ट्यांना जोडलेल्या असतात आणि रायझर हार्नेसला, म्हणजे आपल्या बैठकीला, अडकवतात. संकटात फेकायचं वेगळं पॅराशूट म्हणजे रिझर्व्ह. युरोपीय मानकानुसार विंगचे ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत. ए वर्गाची विंग सर्वांत समंजस, म्हणून शिकताना तीच. प्रत्येक विंगला वजनाची मर्यादा असते आणि त्यात आपलं, हार्नेसचं, विंगचं, सगळं वजन धरतात. मित्राची विंग स्वस्तात मिळते म्हणून घेताना हे वजनाचं गणित बऱ्याचदा राहून जातं.

दुसरा टप्पा ग्राउंड हँडलिंग, म्हणजे जमिनीवर उभं राहून विंग हवेत सांभाळणं. याला चिक्कार वेळ द्या. वारा कमी असेल तर विंगकडे पाठ करून पुढे धावायचं, त्याला फॉरवर्ड लाँच म्हणतात. वारा बरा असेल तर विंगकडे तोंड करून ती वर आणायची, ती स्थिर झाली की वळायचं, हा रिव्हर्स लाँच. इथली नेहमीची चूक उलट्या बाजूला वळण्याची: रायझरना पीळ पडतो आणि ब्रेक, म्हणजे विंग वळवणाऱ्या आणि थोपवणाऱ्या दोन दोऱ्या, हातात असूनही नीट चालत नाहीत. म्हणून वळण्याची एकच बाजू ठरवा आणि ती बदलू नका. दुसरी चूक हातांनी ओढण्याची. विंग एका बाजूला कलली की आधी पायांनी तिच्याखाली जायचं, ब्रेक त्यानंतर.

तिसरा टप्पा छोट्या उतारावरची बुटकी उड्डाणं. त्याआधी दर वेळी पाच गोष्टी तपासायच्या: हेल्मेट आणि हार्नेसचे बक्कल, दोऱ्या आणि रायझर, विंगची मांडणी, वारा, आणि समोरचं आकाश मोकळं आहे का. यातही मांडीचे पट्टे हाताने ओढून पाहा. नुसती नजर टाकणं पुरत नाही. पाणी प्यायला किंवा फोन घ्यायला पट्टे सोडले आणि घाईत लावायचे राहिले, तर पाय सुटताच माणूस हार्नेसमधून खाली सरकतो. अनुभवी पायलटांकडूनही ही चूक झालेली आहे. एकदा तपासून मग पट्टे सोडले असतील, तर तपासणी पहिल्यापासून करा.

धावताना दुसरी एक चूक हमखास होते: पाय जमिनीवरून सुटायच्या आत बसायला बघणं. विंगने पूर्ण भार उचलेपर्यंत धावत राहायचं.

चौथा टप्पा उंचावरून, वॉकी-टॉकीवर प्रशिक्षकाच्या सूचना ऐकत उडण्याचा. इथे वळणं आणि उतरणं पक्कं होतं. उतरायचं नेहमी समोरून येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून, म्हणजे जमिनीच्या तुलनेत वेग कमी राहतो. पाय टेकण्याच्या बेतात, साधारण एक मीटरवर असताना दोन्ही ब्रेक पूर्ण खाली ओढायचे. याला फ्लेअर म्हणतात. घाबरून हे तीन-चार मीटरवरच केलं, तर विंगचा वेग संपतो आणि आपण धपकन खाली येतो. आणखी एक सवय मोडायला हवी. मैदानातल्या एकुलत्या एका झाडाकडे बघत राहिलं की आपण त्याच्यावरच जातो. जिथे जायचं आहे तिथे बघायचं.

पाचवा टप्पा सोअरिंगचा. वारा डोंगराला धडकून वर चढतो आणि त्या पट्ट्यात मागेपुढे फिरत तासभरही तरंगता येतं. नियम दोन. वळण नेहमी डोंगरापासून दूर, दरीकडे. आणि समोरासमोर आल्यावर ज्याच्या उजवीकडे डोंगर आहे त्याचा मार्ग आधी. त्याला उजवीकडे सरकायला जागाच नसते, म्हणून दुसऱ्याने बाजूला व्हायचं.

वाऱ्याचं गणित इथेच नीट समजून घ्या. साध्या विंगचा हवेतला वेग ताशी साधारण ३५ ते ४० किलोमीटर असतो. समोरचा वारा त्याच्या जवळ पोहोचला, तर आपण जागच्या जागी अडकतो. आणखी वाढला, तर मागे ढकलले जातो. डोंगराच्या मागे हवेचे भोवरे असतात, ज्यांना रोटर म्हणतात, आणि त्यांत विंग मिटू शकते. म्हणून नवशिक्यासाठी ताशी १० ते २० किलोमीटरचा, एकसारखा, समोरून येणारा वारा चांगला. सरासरी कमी पण झोत मोठे, असा वारा जास्त फसवा असतो. टेक-ऑफवर पाच-दहा मिनिटं शांत उभं राहून गवत आणि पताका बघा.

सहावा टप्पा खवळलेल्या हवेचा. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी गरम हवा म्हणजे थर्मल. पंख न हलवता गोल फिरत चढणारी घार दिसली, की तिथे थर्मल आहे असं समजा. त्यात आधीपासून कोणी फिरत असेल तर त्याच्याच दिशेने फिरायचं. कधी विंगची एक बाजू मिटते, म्हणजे कोलॅप्स होतो. तेव्हा अंगाचा भार उघड्या बाजूला टाका, दिशा सांभाळा आणि मग मिटलेली बाजू ब्रेकने उघडा. घाबरून उघड्या बाजूचा ब्रेक जोरात ओढला तर तीही बाजू उडायची थांबते आणि साधा प्रसंग गंभीर होतो. जमीन जवळ असताना विंग आवाक्याबाहेर गेली तर वाट न बघता रिझर्व्ह फेकायचं. त्याची मूठ नजर न टाकता सापडेल इतकी सवय हवी, आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत त्याची पुन्हा घडी घालून घ्यायला हवी.

मग वॉकी-टॉकीवरचा आवाज थांबतो आणि खरी परीक्षा सुरू होते. थोडी उड्डाणं सुरळीत झाली की आत्मविश्वास कौशल्याच्या पुढे पळतो. सी वर्गाची विंग घ्यावीशी वाटते, हिमाचलमधल्या बीर-बिलिंगला जावंसं वाटतं. तिथे २०१५ मध्ये विश्वचषक स्पर्धा झाली होती. बिलिंगचा टेक-ऑफ सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे, मागे धौलाधार पर्वतरांग, आणि वसंतातले थर्मल दणदणीत. कामशेतच्या टेकडीवरचा अनुभव तिथे जसाच्या तसा लागू होत नाही. पहिल्यांदा जायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि ती जागा माहीत असलेल्या प्रशिक्षकाबरोबर.

एक वही ठेवा. प्रत्येक उड्डाणाची जागा, वाऱ्याचा वेग, काय चुकलं हे लिहा, आणि ज्या दिवशी न उडता परत आलात त्याचं कारणही लिहा. उडण्याआधी स्वतःचा अंदाज मनात ठरवा, मग प्रशिक्षकाला विचारा. दोन्ही उत्तरं सातत्याने जुळू लागली, आणि नाही म्हणण्याची कारणंही जुळू लागली, की आपण स्वतंत्र उडायला तयार आहात.