मान डोलली, पण कळलं का?

बालमित्रांनो, वर्गात बाई किंवा गुरुजी "कळलं का?" असं विचारतात, तेव्हा तुम्ही काय म्हणता? "हो-ओ-ओ!" अगदी एका सुरात, हो ना? आता खरं सांगा, त्यातल्या कितीजणांना खरोखर कळलेलं असतं?

मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझी पहिली नेमणूक सातपुड्यातल्या एका पाड्यावर झाली. तिथली मुलं घरी पावरी बोलायची आणि मला यायची फक्त मराठी. मी पहिलीच्या वर्गात फळ्यावर घर काढलं, झाड काढलं, भरपूर बोलले आणि शेवटी विचारलं, "कळलं का?" सगळ्या माना डोलल्या. मी खूश! चार दिवसांनी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी हसत म्हणाल्या, "बाई, पोरांना तुमचं बोलणं कळत नाही. तुम्ही विचारलं की मान हलवायची, एवढंच त्यांना कळलंय!"

मला हे आज आठवलं त्याला कारण आहे. जगात दरवर्षी कितीतरी विद्यार्थी थोड्या दिवसांसाठी परक्या भाषेच्या गावात जातात. तिथं त्यांचीही अशीच गंमत होते, आणि कधीकधी फजितीही.

सुटीतली वेगळी सहल

अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत शिकणारी बरीच ख्रिस्ती मुलं सुटीत आठ-दहा दिवसांसाठी दुसऱ्या देशात जातात. याला 'मिशन ट्रिप' म्हणतात. आपल्या धर्माची गोष्ट सांगायची आणि लोकांच्या उपयोगी पडायचं, असे दोन हेतू असतात. खर्चासाठी ही मुलं मोटारी धुतात, घरी केलेले केक विकतात, नातेवाइकांना पत्रं लिहून मदत मागतात. तिथं गेल्यावर कोणी भिंती रंगवतं, कोणी छोटी घरं बांधायला हात लावतं, कोणी लहान मुलांचे खेळ घेतं.

मेक्सिको हा अमेरिकेचा सख्खा शेजारी. त्यामुळे पुष्कळ मुलं तिकडेच जातात. १९५७ सालच्या उन्हाळ्यात जॉर्ज व्हर्वर नावाचा एक कॉलेजातला विद्यार्थी आपल्या दोन मित्रांना घेऊन जुन्या गाडीतून मेक्सिकोला गेला. गाडीत काय होतं? स्पॅनिश भाषेत छापलेल्या ख्रिस्ती पुस्तिका! कारण मेक्सिकोत लोक बोलतात स्पॅनिश. त्या सहलीतूनच पुढे 'ऑपरेशन मोबिलायझेशन' नावाची मोठी संस्था उभी राहिली. हे व्हर्वर २०२३ साली वारले.

छापलेला कागद वाचणाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलतो, हे खरं. पण वाचणाऱ्याने उलट प्रश्न विचारला तर? कागद काही उत्तर देत नाही!

'सोपा' म्हणजे अवघड

मग मुलं चार शब्द पाठ करून जातात. त्यातही घोटाळे! इंग्रजीत साबणाला 'सोप' म्हणतात. म्हणून एखाद्याने अंघोळीच्या वेळी 'सोपा, सोपा' असं मागितलं, तर समोर काय येईल? गरमागरम सूप! कारण स्पॅनिशमध्ये 'सोपा' म्हणजे सूप. आणि 'रोपा' म्हणजे दोर नाही बरं का, तर कपडे. आपल्या मराठीतला 'सोपा' शब्द त्यांना किती अवघड पडतो, बघा!

कधी मदतीला दुभाषा असतो. पाहुण्याने एक वाक्य बोलायचं, थांबायचं, दुभाष्याने ते तिथल्या भाषेत सांगायचं. म्हणजे अर्ध्या तासात पाव तासाचंच बोलणं होतं. विनोद तर हमखास फसतो. सगळे हसतात, ते दुभाष्याने "आता हसा" असं सांगितल्यामुळे!

शब्द नसलेलं पुस्तक

मग शब्दच टाळले तर? ही कल्पनाही जुनी आहे. १८६६ साली लंडनमध्ये स्पर्जन नावाच्या धर्मोपदेशकांनी आपल्या प्रवचनात अशा एका पुस्तकाबद्दल सांगितलं, ज्यात अक्षर एकही नव्हतं. पानं होती तीनच. काळं पान म्हणजे पाप, लाल म्हणजे येशूचं रक्त, पांढरं म्हणजे शुद्ध झालेलं मन. पुढे १८७५ साली अमेरिकेतल्या मूडी यांनी त्यात स्वर्गासाठी सोनेरी पान घातलं. नंतर हिरवाही आला. आजही मिशन ट्रिपला जाणारी मुलं असं पुस्तक किंवा त्याच रंगांचे मणी जवळ ठेवतात.

युक्ती छान आहे ना? पण थांबा. आपल्याकडे शेतकरी जमिनीला 'काळी आई' म्हणतो. आपला विठोबा सावळा. आणि कितीतरी घरांत पांढरी वस्त्रं दुःखाच्या वेळी नेसतात. मग काळं वाईट आणि पांढरं चांगलं, हे आपल्या आजीला न सांगता कसं कळणार? म्हणजे रंगांनासुद्धा भाषा असते! पाहुणा पान उलटतो, आजी मान डोलवते. पण ते 'पटलं' म्हणून, 'कळलं' म्हणून, की आलेल्या पाहुण्याचं मन मोडायला नको म्हणून?

हा प्रश्न लहान नाही, मुलांनो. धर्म ही माणसाच्या मनातली फार जवळची गोष्ट. तिथं नुसत्या डोललेल्या मानेला 'होकार' समजणं योग्य नाही. भिंत रंगवायला हजारो रुपयांचं विमानाचं तिकीट काढायचं की तेच पैसे गावातल्याच रंगाऱ्याला द्यायचे, असंही आता पुष्कळजण विचारतात. ख्रिस्ती मंडळीही विचारतात.

तेरा वर्षं राहिलेला पाहुणा

याच वाटेवरचा एक माणूस आपल्या मुंबईत आला होता. १८०६ साली अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी पावसात गवताच्या गंजीआड बसले आणि दूरच्या आशिया खंडात धर्म सांगायला जायचं, असं बोलू लागले. त्याच कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरला. त्याच्यापुढे मराठीची भिंत उभी होती. त्याने काय केलं? तो विद्यार्थी झाला! मराठी शिकला, बाजारात, रस्त्यावर लोकांशी मराठीत बोलू लागला. त्याच्या मिशनने मुंबईत शाळा काढल्या, मराठी छापखाना घातला. पुढे याच छापखान्यात लहानपणी काम शिकलेल्या जावजी दादाजींनी प्रसिद्ध 'निर्णयसागर' छापखाना उभारला.

१८२६ साली नाशिककडून परतताना हॉल पटकीने वारला. त्याचा धर्म सगळ्यांनी घेतला का? नाही. फार थोड्यांनी घेतला. पण लोक त्याच्याशी वाद घालू शकले, "आम्हाला पटत नाही" असं तोंडावर सांगू शकले. कारण त्याला ते ऐकायला येत होतं!

आठ दिवसांत कुणी इतकं शिकू शकत नाही. मग अशा सहली फुकट का? मला तसं वाटत नाही. आपण मुके झालो की कसं वाटतं, परक्या घरी कोणी न बोलता ताटात वाढलं की किती बरं वाटतं, हे आठ दिवसांत नक्की कळतं. फक्त 'आपण शिकवून आलो' असं न म्हणता 'शिकून आलो' असं म्हणायला हवं.

माझ्या पाड्यावर मीही शेवटी तेच केलं. "आज तुम्ही बाई, मी विद्यार्थी," असं खुणेनं सांगितलं. मुलं वस्तू दाखवून पावरी शब्द सांगायची, मी म्हणायची. चुकले की वर्ग खदखदून हसायचा. महिन्याभराने एक चिमुरडी पहिल्यांदा मान आडवी हलवून म्हणाली, "नाही कळलं, बाई." त्या दिवशी मला जितका आनंद झाला, तितका कुठल्याच "हो-ओ-ओ"ने झाला नव्हता!

तुमच्याही वर्गात ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा बदलीमुळे आलेल्या घरातलं, वेगळी भाषा बोलणारं एखादं मूल असेल. या आठवड्यात त्याच्याकडून पाच शब्द शिका. आईबाबांनाही शिकवा. आणि तो हसला, तर रागावू नका हं!