खानदेशातील आद्य शेतकरी : ताम्रपाषाणयुगीन ग्रामजीवनाचा पुरातत्त्वीय मागोवा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या बोलण्यात ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे दोन शब्द जोडीने येतात. काळी म्हणजे पिकाची जमीन व पांढरी म्हणजे गावठाण. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या घरे बांधली व पडली, चुलीची राख, शेण व भिंतींची माती यांचे थर साचत गेले, म्हणजे ती जागा पांढुरकी होऊन उंचावते. अशा टेकाडांतच खानदेशच्या प्राचीन शेतीचा पुरावा दडलेला आहे. पांढरीच्या उत्खननातून काळीचा इतिहास कसा उलगडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साधनांचे स्वरूप

प्राचीन रोमच्या शेतीविषयी केटो, व्हारो व कोलुमेला यांचे ग्रंथ उपलब्ध आहेत. परंतु ते जमीनदाराच्या दृष्टीने लिहिलेले आहेत. लहान शेतकऱ्यांच्या वस्त्यांचे चित्र स्पष्ट होण्यास पुरातत्त्वाचे साहाय्य झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर रोमच्या उत्तरेस दक्षिण एट्रुरियात खोल नांगरट सुरू झाली, तेव्हा वर आलेल्या खापरांची नोंद घेत संशोधकांनी शेकडो वस्त्या शोधल्या. इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकातील खानदेशाविषयी तर लिखित साधन मुळीच नाही. येथे खापरे, हाडे, दगडी हत्यारे व जळालेले धान्य हीच कागदपत्रे होत.

तापी खोऱ्यातील स्थळे

जळगाव जिल्ह्यात गिरणेच्या काठी असलेल्या बहाळ येथे म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ व १९५६-५७ मध्ये उत्खनन केले. पलीकडच्या तीरावरील टेकवाडे येथे त्या काळातील दफने मिळाली. तापी-गोमाई संगमावरील प्रकाशे येथे बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये उत्खनन केले. हे स्थळ पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. येथे ताम्रपाषाण काळापासून ऐतिहासिक काळापर्यंतच्या वसाहतींचा क्रम मिळाला. तापीकाठच्याच सावळदा या गावावरून ‘सावळदा संस्कृती’ हे नाव रूढ झाले. याच संस्कृतीचे अवशेष प्रवरेकाठी दायमाबाद येथे सर्वांत खालच्या थरात सापडले.

धुळे जिल्ह्यातील कावठे येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात उत्खनन केले. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे तेथील लोक जमिनीत खड्डे करून, त्यांवर गवती छप्पर घालून राहत. या साध्या निवाऱ्यांवरून ते अर्धभटके जीवन जगत असावेत, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

काळी जमीन आणि लोखंडाचा प्रश्न

दख्खनची काळी जमीन लोखंडी फाळाच्या जड नांगरावाचून लागवडीखाली येणे शक्य नव्हते, असे मत दा. ध. कोसंबी यांनी मांडले होते. ताम्रपाषाण काळात लोखंड नव्हते आणि तांबेही दुर्मिळ होते. बहुतेक हत्यारे गारगोटीच्या जातीच्या दगडांची असत. तरीही शेतकऱ्यांची गावे याच खोऱ्यांत वसलेली दिसतात. म. के. ढवळीकर यांनी या विसंगतीची उकल जमिनीच्या गुणधर्मात शोधली. उन्हाळ्यात काळीला खोल भेगा पडतात, वरची माती त्यांत उतरते व पावसानंतर जमीन फुगते. जमीन अशी आपोआपच खालीवर होत असल्याने हलक्या अवजारांनीही तीत पेरणी शक्य होते.

पिकांचे तपशील पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील उत्खननातून (१९६८ ते १९८३) अधिक स्पष्ट झाले. खानदेशातील स्थळांशी जोर्वे संस्कृतीच्या धाग्याने जोडलेल्या या गावात जव हे मुख्य पीक होते. मसूर, वाटाणा, कुळीथ ही कडधान्येही मिळाली. तेथे पाटाचे व बांधाचे अवशेष आढळले. त्यावरून सामूहिक श्रम व पाण्याचे नियोजन यांची कल्पना येते.

गावे ओस का पडली ?

इ. स. पू. १००० च्या सुमारास तापी खोऱ्यातील जोर्वे वस्त्या ओस पडल्या. इनामगाव त्यानंतर सुमारे तीनशे वर्षे टिकले. परंतु तेथेही ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शेतीपेक्षा पशुपालनावरील भर वाढला. पर्जन्यमान घटल्याचा हा परिणाम असावा, असे मत ढवळीकरांनी मांडले. त्यावर अभ्यासकांत चर्चा आहे. तथापि अवर्षणाशी झुंजणाऱ्या आजच्या खानदेशास हा प्रश्न परका नाही.

निष्कर्ष

खानदेशातील शेती लोखंडाबरोबर आलेली नसून त्याच्या कितीतरी आधी, जमिनीचा स्वभाव ओळखणाऱ्या लोकांनी ती उभी केली, हे उत्खननांनी दाखविले. परंतु हा पुरावा नाशवंत आहे. पांढरीची माती धाब्याच्या घरांसाठी व शेतात टाकण्यासाठी पूर्वापार नेली जाते. यंत्रांमुळे आज एखादे टेकाड अल्प काळात सपाट होऊ शकते. इटलीत नांगराने उघडे पाडलेले पुरावे नष्ट होण्यापूर्वी नोंदले गेले. येथेही उत्खननाची वाट न पाहता गावोगावच्या पांढरींचे स्थान, विस्तार व पृष्ठभागावरील खापरे यांची नोंद महाविद्यालयांतील इतिहास व भूगोल विभागांना विद्यार्थ्यांच्या साहाय्याने करता येईल. वस्तू जागची न हलवता, छायाचित्र व नकाशा यांद्वारे केलेली अशी नोंद पुढील संशोधनाचा पाया ठरेल. एकदा पांढरी गेली, की काळीचा इतिहास सांगणारे दुसरे साधन उरत नाही.